हेकरूची पाठवणी

मीठ मुरलं की कैरी वर्षभर टिकते, तसा कान्हू टिकणार, असं वरच्या वाडीतली माणसं चेष्टेने म्हणत. पण कान्हू टिकत नव्हता, उलत होता. नऊ वर्षं खाऱ्या पाण्यात हात घालून त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि वैशाखाच्या कोरड्या वाऱ्यात त्या सकाळी उठल्या उठल्या तोंड उघडायच्या. सावित्राबाई रोज त्यांत कोकमतेल भरायची आणि रोज तेच बोलायची. समुद्र घाटाखाली कुठल्या कुठं, आणि त्याचं मीठ माझ्या नवऱ्याच्या हातात. कान्हू हात पुढे करून ऐकून घ्यायचा आणि तेल जिरायच्या आत डोंगर उतरू लागायचा.

वाडी कुसगावच्या वरच्या अंगाला, अर्ध्या डोंगरात. खाली रस्त्याला लागून एक रिसॉर्ट होतं, आणि त्याच्या मागच्या अंगाला, चादरी धुण्याच्या मोरीपलीकडे, पत्र्याच्या छपराखाली एक सिमेंटची टाकी होती. बारा हात लांब, पाच हात रुंद, आणि भिंत एवढी उंच की सावित्राबाईच्या नाकाला लागायची. त्या टाकीत हेकरू मासा होता.

आणला तेव्हा तो हाताच्या पंजात मावत होता. पिवळा जर्द, अंगावर काळे पट्टे, जेजुरीचा भंडारा आणि काजळ एकत्र सांडावं तसा. मालकाने मुंबईहून कुठूनशा दुकानातून तो आणला आणि पाहुणे उतरतात तिथल्या काचेच्या पेटीत सोडला. पेटीत आणखी अकरा रंगीत मासे होते. दोन महिन्यांत सात राहिले, चार महिन्यांत तीन, आणि दिवाळीला हेकरू एकटाच राहिला, गुबगुबीत आणि साळसूद. मग तो वाढायला लागला. पिवळा रंग उतरला, पट्टे विरघळले, अंग राखाडी आणि मळकट झालं, ओठ जाडजूड सुटले. पाहुण्यांची लेकरं त्याला बघून आईच्या पदराआड जायला लागली. शोभेची वस्तू शोभेनाशी झाली की तिला घरात मागच्या दाराची वाट दाखवतात. हेकरूही मागे गेला आणि त्याच्याबरोबर कान्हूही गेला. तोवर तो समोरच्या बागेला पाणी घालत असे.

आता हेकरू साडेचार फुटांचा झाला होता. कान्हू त्याला गडी म्हणायचा. आठवड्यातून दोनदा टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढायचं, टँकरचं गोडं पाणी पिंपांत भरायचं, समुद्री मिठाच्या गोण्या फोडून लाकडी दांडक्याने घुसळायचं आणि मग बादल्यांनी आत सोडायचं. खारटपणा मोजायला काचेची नळी दिलेली होती. ती तिसऱ्याच वर्षी फुटली. नवी मागायला गेला तर मॅनेजर सुहासने बघू म्हटलं, आणि ते बघणं अजून चालू होतं. तेव्हापासून कान्हू जिभेवर थेंब ठेवून ठरवायचा. चुकल्याचं गड्याने कधी कळू दिलं नव्हतं.

यंदा वाडीचा झरा चैत्रातच आटला. बायका पहाटेपासून खडकाच्या कपारीशी बसायच्या आणि वाटीवाटीने हंडा भरायच्या. त्यांच्या डोळ्यांदेखत खालच्या रस्त्याने रिसॉर्टचे टँकर जायचे. त्यातला एक टँकर माशाचा, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. सावित्राबाई रिसॉर्टच्या चादरी धुवायला खाली यायची तेव्हा टाकीकडे पाठ करून बसायची. कान्हूने एकदा तिला गडी बघायला बोलावलं, तर ती म्हणाली, माझ्या वाटणीचं पानी पिऊन सुजलाय, त्याला काय बघायचं. तिचं खरं होतं, आणि गड्याचाही काही गुन्हा नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात रिसॉर्टला उतरलेल्या कुणी पाहुण्याने मागे डोकावून टाकीचं चित्रण केलं आणि मोबाइलवर साऱ्या जगाला दाखवलं. चार दिवसांनी वन खात्याची चिठ्ठी आली. हा मासा पाळायला कायद्याने बंदी आहे, वाघाच्या जोडीने याचं नाव कायद्यात आहे, तपासणीला येत आहोत. सुहासचं तोंड चुन्यासारखं झालं. तो आजवर टाकीकडे फिरकला नव्हता, त्या दिवशी तीनदा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने कान्हूच्या खांद्यावर हात ठेवला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाला की मासा म्हातारा झालाय, त्याचेही हाल आणि आपलेही. लाइट काय, जातेच अधूनमधून. हवेचा पंप थोडा वेळ बंद राहिला तर कुणी कुणाला विचारणार नाही.

कान्हूने खांद्यावरचा हात निघेपर्यंत वाट पाहिली आणि मग पंपाची जाळी काढून घासायला घेतली. गरिबाचं नाही म्हणणं असंच असतं.

दोनच दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास, डोंगरामागून काळं आभाळ उठलं आणि वळवाचं वारं सुटलं. पाऊस चार थेंब पडला असेल नसेल, पण वाऱ्याने रस्त्याकडेचं शिरसाचं झाड तारांवर आडवं केलं. पंप थांबला. टाकीतले बुडबुडे एकेक करून विझले. कान्हू जनरेटरकडे पळाला, तर त्यात डिझेल नव्हतं. सुहास पुण्याला गेलेला, त्याचा फोन बंद. डिझेल संपलं होतं की काढलं होतं हे कान्हूला पुढे कधीच कळलं नाही, आणि विचारायची त्याची छातीही झाली नाही.

त्याला एवढंच ठाऊक होतं की पाणी हललं की त्यात हवा जाते. त्याने बादली घेतली, टाकीत बुडवली, डोक्यावर उचलली आणि उंचावरून परत टाकीत ओतली. पुन्हा बुडवली, पुन्हा ओतली. अर्ध्या तासात दंडाच्या शिरा ठणकायला लागल्या. मोरीवर सावित्राबाई चादरी पिळत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली, दुधाचा रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर चढली आणि दुसरी बादली पाण्यात घातली. मासा तिने त्या दिवशी पहिल्यांदा समोरून पाहिला. तो वर आला होता, अंगावर पांढरे डाग उमटले होते, तोंड उघडझाप करत होता.

"म्हसरावानी धापतंय," ती म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. साडेसहापर्यंत दोघं ओतत राहिली. सावित्राबाईचं लुगडं खाऱ्या पाण्याने अंगाला चिकटलं, क्रेटवरून तिचा पाय दोनदा घसरला, तळहात सोलले. मध्येच मासा तिच्या बाजूला आला आणि ती ओतत होती त्या धारेखाली तोंड धरून थांबला. कान्हूने ते पाहिलं. नऊ वर्षांत गडी त्याच्याशिवाय कुणाजवळ गेला नव्हता. लाइट आली, पंप घरघरला, तेव्हा सावित्राबाई क्रेटवरच बसली आणि कारण नसताना रडली. त्या रात्री तेल कान्हूने तिच्या हाताला लावलं.

तपासणीच्या दिवशी सुहासने कान्हूला नवा सदरा घालायला लावून मागच्या रांगेत उभं केलं. वन खात्याचे दोघं आले आणि त्यांच्याबरोबर समुद्रजीवांचा अभ्यास करणारी एक बाई आली, आरती नावाची, अलिबागकडच्या एका केंद्रातून. पस्तिशीची, उन्हाने रापलेली, पँटच्या पायांना वाळू चिकटलेली. सुहास रिसॉर्टने माशाची किती निगा राखली ते सांगत होता. तिने त्याचं ऐकून घेतलं, टाकीत यंत्राची सळई बुडवली, आकडा पाहिला आणि विचारलं, की पाणी कोण कालवतं.

सगळे मागे वळले. कान्हू पुढे आला. नळी कुठे आहे म्हणून तिने विचारलं. त्याने ओशाळून सांगितलं, की नळी फुटली, मी चाखतो. तिने एका मगात टाकीतलं पाणी घेतलं, दुसऱ्यात गोडं पाणी थोडं जास्त मिसळलं आणि दोन्ही त्याच्यापुढे धरले. कान्हूने दोन्ही चाखले. म्हणाला, हे कालच्यावानी हाय, हे दोन मुठी कमी. तिने सळई बुडवून पाहिलं आणि खाली जमिनीवर मांडी घातली. वही काढली. म्हणाली, बसा कान्हूभाऊ, मला सगळं सांगा.

सुहास उभा आणि कान्हू बसलेला, असं त्या आवारात आधी कधी घडलं नव्हतं. ती विचारत गेली आणि तो सांगत गेला. खाताना चावत नाही, तोंड उघडतो आणि पाण्यासकट बांगडा आत ओढतो. थंडीत आठवड्यातून दोनदाच खातो. पाइपाच्या सावलीची जागा त्याची, तिथं बादली ठेवलेली खपत नाही. राग आला की पोटातून ढुम्म असा आवाज काढतो, टाकीच्या भिंतीला हात लावला तर हाताला कळतो. पिवळा रंग कितव्या महिन्यात गेला, डाग कधी उमटतात, मिटतात कधी. तिने अकरा पानं लिहिली. वहीच्या वरच्या कोपऱ्यात तिने त्याचं नाव लिहिलं तेव्हा कान्हूने ते उलट्या बाजूने वाचलं. आपलं नाव एवढ्या सावकाश लिहिताना त्याने कुणाला पाहिलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. हा मासा समुद्रातल्या पोवळ्याच्या खडकांत राहतो. एकेका कपारीत एकेक, वर्षानुवर्षं, घर धरून. दोन माणसांएवढा होतो. पण वाढतो तसा कामाला लवकर येत नाही. अंडी घालायच्या वयाला यायला त्याला फार वर्षं लागतात, आणि तोवर कुणीतरी त्याला गळाला लावतं. मोठा एक गेला की त्या खडकावरची पुढची वीण जाते. आपल्या किनाऱ्यावर आता मोजकेच उरलेत. हा जगला, केंद्रात तपासून रोगराईतून मोकळा झाला, तर एखाद्या खडकावर सोडता येईल. नाही सोडता आला तरी मोठ्या तळ्यात जगेल, त्याची वीण वाढवता येईल.

सावित्राबाई मोरीवरून ऐकत होती. तिने विचारलं, गडी हाय का बाई.

"यांच्यात सगळे आधी मादी असतात, मावशी. फार मोठे झाले की त्यातले काही नर होतात. ही एवढ्या आकाराची म्हणजे बहुतेक मादीच."

सावित्राबाईने पिळलेली चादर तशीच हातात धरली. "म्हंजे लेक हाय," ती म्हणाली.

निघायचा दिवस शनिवार ठरला. जाताना आरतीने कान्हूला बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली. बुधवारपासून काही खायला घालायचं नाही. प्रवासात मासा घाबरतो, पोटात असेल ते ओकतो, छोट्या टाकीतलं पाणी घाण होतं आणि त्या पाण्यात तोच गुदमरतो. रिकाम्या पोटी नेला तर पोचेल. कान्हूला ते पटलं. बैल गाडीला जुंपायच्या आधी कुणी पेंड चारत नाही.

बुधवार गेला. गुरुवार गेला. ती त्याच्या पावलाच्या आवाजाला वर यायची, तो भिंतीच्या कडेने चालला की आतून बरोबर चालायची, आणि टोकाला थांबून तोंड उघडायची. त्या तोंडात कान्हूचं डोकं मावलं असतं. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं. दोन पिंपं भरून वाटेसाठी जादा पाणी कालवलं, तीनदा चाखलं. शुक्रवारी त्याने टाकीला वळसा घालून जायची वाटच बदलली. घरी सावित्राबाई भाकरी थापताना विचारायची, आज बी न्हाई दिलं? तो मान हलवायचा. ती परातीत जरा जास्तच जोरात पीठ मळायची.

तिला वेगळंच टोचत होतं. त्यांची रेणुका इंदुरीला दिली त्या दिवशी वऱ्हाडाच्या जेवणावरून सोयऱ्यांशी बोलाचाली झाली होती. त्या गडबडीत पोरगी तशीच गाडीत बसली, पोटात घास नाही. आता रेणुकाला दोन लेकरं झाली, ती ते विसरलीसुद्धा. सावित्राबाई विसरली नव्हती. वाडीत लेक वाटेला लागताना आई तिला दोन घास आपल्या हाताने भरवते. पोटात घरचं अन्न असलं की वाट बाधत नाही म्हणतात. तेवढंच तिच्या हातून राहिलं होतं, आणि सात वर्षं ते घशाशी होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता ती कान्हूच्या मागोमाग खाली आली. पदराखाली केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आरतीचा टेम्पो यायला तासभर अवकाश होता. तिने पान उघडलं. चार बांगडे, काल लोणावळ्याच्या बाजारातून आणलेले, धुऊन, हळद लावून.

"मॅडम न्हाई म्हनल्यात," कान्हू म्हणाला.

"मॅडमच्या घरून न्हाई चालली ती. आपल्या घरून चाललीया."

त्याने तिला समजावलं. ओकेल, पाणी घाण होईल. ती म्हणाली, तीन दिस उपाशी हाय, चार बांगडे कुटल्या कुटं जिरतील. त्या दिवशी बादल्या मी बी ओतल्यात. माज्या हातचं चार घास बी तिला मिळू नयेत? ती भांडत नव्हती, डोळ्यांत पाणी आणून मागत होती. लग्नाला तीस वर्षं झाली. तिने त्याच्याजवळ मागितलं असं फार काही नव्हतं.

भिंत तिच्या नाकाला लागत होती आणि क्रेट कुणीतरी उचलून नेला होता. तिने पान वर धरलं. कान्हूने ते घेतलं. त्याला सगळं ठाऊक होतं. त्याने विचार केला तो एवढाच, की चारच तर आहेत, आणि आरतीबाई शिकलेली आहे, शिकलेली माणसं सांगताना थोडं वाढवूनच सांगतात. त्याने एकेक करून चारही सोडले. पाणी आत ओढल्याचा तो ओळखीचा आवाज चारदा झाला. सावित्राबाईने टाचा उंच करून भिंतीवरून हात आत घातला आणि पाण्यालाच हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. मग ती चादरी धुवायला बसली.

आठला टेम्पो आला. ताडपत्रीच्या झोळीत घालून सहा जणांनी तिला उचललं. वजन होतं आणि ती अंग आपटत होती. ढुम्म ढुम्म आवाज चालला होता. टेम्पोवर फायबरची टाकी, प्राणवायूचं नळकांडं, बर्फाच्या पिशव्या आणि कान्हूने कालवलेली दोन पिंपं. कान्हू आणि आरती मागेच टाकीजवळ बसली. नऊला टेम्पो निघाला. सुहासने हात हलवला.

घाटाच्या तोंडाशी गाड्या थांबलेल्या दिसल्या. बोगद्याच्या अलीकडे कंटेनर आडवा झाला होता. शनिवार असल्याने मुंबईची सगळी मोटारगर्दी त्यात अडकलेली. ऊन चढत होतं. पुढे जाता येत नव्हतं, मागेही नाही. आरतीने नळकांड्याचा काटा तपासला, प्राणवायू ठीक होता. ती म्हणाली, आपल्याकडे वेळ आहे, उपाशी मासा सहा तास सहज काढतो.

पहिला तास कान्हू झाकणाच्या फटीला नाक लावून होता. नऊ वर्षांत त्याचं नाक त्या पाण्याला ओळखू लागलं होतं. साडेदहाच्या सुमारास पाण्याला तो वास आला, गोड, कुजका, जळजळीत. कडेला फेस धरायला लागला होता. त्याला कळलं.

"पाणी जरा गढूळ दिसतंय का हो?" आरतीने वाकून विचारलं.

"उनाचं दिसत आसंल," कान्हू म्हणाला.

ते का म्हणाला हे तो पुढे स्वतःला पुष्कळदा विचारणार होता. मार बसला असता, पगार गेला असता तरी त्याने सांगितलं असतं. सांगवलं नाही ते त्या वहीमुळे. अकरा पानं लिहिली होती आणि वर त्याचं नाव होतं. हा माणूस जाणतो म्हणून ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली होती. एवढी मोठी गोष्ट त्याच्या आयुष्यात एकदाच घडली होती आणि ती त्याला तासभर आणखी हवी होती.

तास त्याला मिळाला. साडेअकराला फेसातून बांगड्याची एक शेपटी वर आली. हळदीने पिवळी झालेली. आरतीने ती जाळीने उचलली, तळहातावर घेतली आणि कान्हूकडे बघितलं.

"म्याच घातलं," तो म्हणाला. "सकाळी."

तिने शेपटी रस्त्यावर फेकली. "मघाशी बोलला असतात तर ती दोन पिंपं मघाशीच ओतली असती," ती म्हणाली आणि बाह्या वर केल्या.

मग पुन्हा तेच काम. घाण पाणी मगाने काढून रस्त्यावर टाकायचं, पिंपातलं आत सोडायचं. डांबरावर पाण्याची वाफ होत होती, शेजारच्या मोटारीतली माणसं काच खाली करून नाक धरत होती आणि मोबाइल पुढे करत होती. दोन पिंपं संपली. फेस पुन्हा धरला. मासा पांढुरका पडून एका कुशीवर कलायला लागला तेव्हा कान्हू कपड्यांसकट टाकीत उतरला. त्याने तिचा जबडा एका हाताने धरला, दुसरा पोटाखाली घातला आणि तिला मागेपुढे हलवू लागला, म्हणजे तोंडातून पाणी फिरेल. त्याच्या भेगांना ते पाणी निखाऱ्यासारखं झोंबत होतं. ती त्याच्या दंडावर वजन टाकून होती. एक वाजता वाट मोकळी झाली. टेम्पो घाट उतरला, बोगदे गेले, खोपोलीची वस्ती दिसायला लागली. पोटाखाली धरलेल्या हाताला तो आवाज एकदा लागला, हलका, आणि पुन्हा लागला नाही. कान्हू पेणपर्यंत तिला हलवत राहिला. आरतीने मग त्याचा हात धरून थांबवला.

केंद्राच्या मागे ओट्यावर तिला चिरून उघडलं. शिकण्यासाठी ते करावंच लागतं, असं आरतीने सांगितलं आणि तुम्ही बाहेर बसा म्हटलं. कान्हू बसला नाही. पोटात दोन बांगडे निघाले, अख्खेच्या अख्खे, हळद लावलेले. त्यांच्या मागे बोटभर जाडीची, फिक्कट गुलाबी गाभोळी होती. आरती ती चिमट्याने उचलून बराच वेळ बघत होती. अंडी पहिल्यांदाच धरायला लागली होती, म्हणाली. आणखी वर्ष दोन वर्षं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर कान्हूला बरं वाटलं असतं. तिने वही काढली, तीच, आणि विचारलं, "किती वाजता घातलं?"

"सातला."

"किती?"

"चार."

तिने लिहून घेतलं. कान्हूने तिला एकच विनंती केली, की लिहायचं ते लिवा, पर घरी कळू देऊ नगा. का ते तिने विचारलं नाही. बहुधा ती हळद तिनेही पाहिली होती. तिने मान डोलावली आणि त्याला हात धुवायला गोडं पाणी दिलं.

रात्री तो अलिबागच्या स्टँडवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पेण, खोपोली, लोणावळा असं करत, पुढे पायी डोंगर चढून दिवेलागणीला वाडीत पोचला. सावित्राबाई उंबऱ्यातच होती. दोन बायकाही बसल्या होत्या, त्यांनाही ऐकायचं होतं.

"पोचली का?" तिने विचारलं.

कान्हूने वहाणा काढल्या. हंड्यातलं पाणी तांब्यात घेतलं, चूळ भरली.

"पोचली," तो म्हणाला.

तिने शेजारणींकडे पाहिलं. म्हटलं नव्हतं मी, असं ते बघणं होतं. मग ती आत गेली, ताट वाढलं आणि एकेक विचारत राहिली. पाणी कसं आहे तिथं? लय मोठं. मानसं? मानसं चांगली हायेत. वाटंत तरास न्हाई ना झाला? कान्हू म्हणाला, गर्दी हुती जरा. त्याचे हात तिने दिव्याजवळ ओढून पाहिले, भेगा कधी नव्हत्या एवढ्या फाटल्या होत्या. तेलाची वाटी जवळ घेऊन ती बसली आणि एकेका बोटाला तेल लावू लागली. तिचा चेहरा निवांत दिसत होता. रेणुका सासरी गेल्यापासून असा दिसला नव्हता.

"उपाशी न्हाई गेली, त्येचं लय बरं वाटलं बगा," ती म्हणाली. "पाऊस सरला की एकदा जाऊन बघून येऊ. जाताना चार बांगडे न्यायचे."

"नेऊ की," कान्हू म्हणाला.

तिने वाटी बाजूला ठेवली आणि भाकरी त्याच्यापुढे सारली. न खाल्लं तर ती का म्हणून विचारणार होती. म्हणून त्याने तेलकट बोटांनीच भाकरी मोडली आणि सगळी संपवली.